आरा, किरण आणि पाकट

चांगल्या, जाडजूड इंग्रजी शब्दकोशात 'रे' हा शब्द काढून पाहा. तो तिथे एकदाच भेटत नाही. एकाखाली एक, वेगवेगळ्या नोंदी करून भेटतो आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर बारीक आकडा असतो: 1, 2, कधी 3. घाईत वाचणाऱ्याचं या आकड्यांकडे लक्ष जात नाही, पण कोशकारानं ते फार विचारपूर्वक टाकलेले असतात.

एकाच शब्दाला काळाच्या ओघात अनेक अर्थ फुटले, तर कोशकार ते सगळे एकाच नोंदीत मांडतो. ते एकाच वाड्यातले सख्खे-चुलत भाऊ. पण दोन शब्दांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी झाला आणि झिजत झिजत दोघांचं रूप योगायोगानं सारखं झालं, तर कोशकार त्यांच्या नोंदी वेगळ्या करतो. ते नुसते नावबंधू: नाव एक, गाव वेगळं. 'रे' या तीन अक्षरी इंग्रजी शब्दात हे दोन्ही प्रकार आहेत, म्हणूनच तो निवांतपणे उलगडून पाहण्याजोगा आहे.

चाकाचा आरा

पहिल्या नोंदीतला 'रे' म्हणजे प्रकाशाचा किरण. तो इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन शब्द होता 'रेडियस'. हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो तो भूमितीमुळे, पण रोमन माणसाला त्यातून आधी काठी दिसायची आणि चाकाचा आरा दिसायचा. किरण हा अर्थ त्याच चित्रातून निघालेला आहे.

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधे तुंबा, बाहेर लोखंडी धाव, आणि तुंब्यातून चहूबाजूंना निघालेले आरे. आता शाळकरी मुलानं काढलेला सूर्य आठवा. दोन डोंगरांच्या मधून वर येणारं अर्धं वर्तुळ आणि त्याच्याभोवती सरळ, ताठ रेघा. त्या रेघा म्हणजे आरेच. सूर्य हा तुंबा आणि उजेड हे त्याचे आरे, ही कल्पना लॅटिन भाषेनं एका शब्दात बांधून ठेवली.

या एका आऱ्याची वंशावळ आपल्या घरापर्यंत येऊन पोचली आहे. वर्तुळाच्या केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर ते 'रेडियस'. कोपरापासून मनगटापर्यंत, अंगठ्याच्या बाजूनं जाणारं हाड तेही 'रेडियस'. पिएर आणि मारी क्यूरी यांनी 1898मध्ये शोधलेल्या मूलद्रव्यातून सतत किरण बाहेर पडत होते, म्हणून त्याचं नाव 'रेडियम'. एका ठिकाणाहून चहूकडे पसरणाऱ्या लहरींवरून संदेश धाडायची युक्ती सापडली, ती 'रेडिओ'. माजघरातल्या फळीवर बसलेल्या त्या खोक्याच्या नावात बैलगाडीचा आरा दडलेला होता, हे आपल्याला कधी जाणवलं नाही.

आपल्याकडे गाडीच्या नंबर प्लेटवर चमकणारे आकडे चिकटवून देणाऱ्या दुकानाला 'रेडियम'चं दुकान म्हणतात. त्या चमकत्या पट्टीत रेडियम मुळीच नसतं. ती समोरच्या दिव्याचा उजेड परत फेकते, एवढंच. वस्तू बदलली तरी नाव चिकटून राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवू या, कारण पुढे विज्ञानातही हेच दिसणार आहे.

कुणाला बाण दिसला, कुणाला लगाम

सूर्य सगळ्यांचा एकच, पण त्याच्या उजेडाकडे पाहून प्रत्येक भाषेला वेगळी वस्तू आठवली. जर्मन भाषेत किरणाला 'श्ट्राल' म्हणतात आणि त्या शब्दाचा जुना अर्थ आहे बाण. इंग्रजीत प्रकाशाच्या झोताला दुसरा शब्द आहे, 'बीम'. तो मुळात झाडाचा आणि लाकडी तुळईचा शब्द. घराच्या छताखालची तुळई आणि टॉर्चचा झोत या दोन्हींना इंग्रज माणूस 'बीम' म्हणतो, कारण त्याला झोतातही सरळ, भरीव खांब दिसला.

संस्कृतनं तर एका चित्रावर समाधान मानलंच नाही. 'रश्मी' म्हणजे किरण आणि 'रश्मी' म्हणजे दोरी, घोड्याचा लगामही. सूर्याच्या रथाला घोडे आहेत म्हटल्यावर किरणांचे लगाम होणं किती साहजिक. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे किरण. चंद्राला 'सुधाकर' किंवा सूर्याला 'दिनकर' म्हणताना मात्र जपून राहायला हवं, कारण तिथे 'कर' म्हणजे करणारा असाही अर्थ निघतो. 'मरीची' म्हणजे किरण, आणि त्यावरूनच 'मरीचिका', म्हणजे मृगजळ.

आणि आपला रोजचा 'किरण'? तो संस्कृतमधल्या 'कॄ' या धातूशी जोडलेला आहे. त्याचा अर्थ विखुरणं, उधळणं. संस्कृतात 'किरण' शब्दाला बारीक धूळ असाही अर्थ आहे. पेरणी करणाऱ्यानं मूठभर दाणे फेकावेत, तसा उजेड फेकला जातो. 'विकिरण', 'प्रकीर्ण', 'संकीर्ण' हे सगळे याच घरातले शब्द. रोमन माणसाला उजेडाचा ताठपणा दिसला, आपल्या पूर्वजांना त्याचं उधळणं दिसलं. उजेडाचे हे दोन्ही गुण खरे आहेत.

'रेडियस'साठी आपण वापरतो त्या 'त्रिज्या' शब्दात आरा नाही, धनुष्य आहे. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. आपल्या ज्योतिर्गणितात वर्तुळाच्या कंसांच्या 'ज्या' काढत. तीन राशींची, म्हणजे 90 अंशांची ज्या भरते बरोबर केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराइतकी. म्हणून ती 'त्रिराशिज्या', आणि थोडक्यात 'त्रिज्या'. वर्तुळ तेच, अंतर तेच, पण एका भाषेनं ते गाडीवानाच्या डोळ्यांनी पाहिलं आणि दुसरीनं धनुर्धराच्या.

वहीतला किरण

शाळेच्या भूमितीत 'रे' या शब्दाला काटेकोर अर्थ आहे आणि मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी 'किरण' हाच शब्द घेतला आहे. रेषेला सुरुवात नाही, शेवट नाही. रेषाखंडाला दोन्ही टोकं आहेत. किरणाला आरंभबिंदू आहे, पण शेवट नाही. एका टोकाला टिंब आणि दुसऱ्या टोकाला बाण काढून आपण तो वहीत दाखवतो.

प्रकाशाच्या अभ्यासातही हाच किरण उपयोगी पडतो. आरसा, भिंग, चष्मा, दुर्बीण यांच्या आकृत्या किरणांच्या सरळ रेघांनी काढता येतात आणि उत्तरं बरोबर येतात. न्यूटननं 1704मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात पहिलीच व्याख्या केली ती किरणाची: प्रकाशाचा लहानात लहान भाग.

हा किरण सरळ जातो, यावर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव उभा आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळत्या सूर्याचे किरण पश्चिमेच्या दारातून गाभाऱ्यात शिरतात. ते आधी देवीच्या चरणांवर आणि पुढच्या दिवसांत वर सरकत मुखापर्यंत जातात. वर्षातून दोनदाच का? 21-22 डिसेंबरच्या सुमाराला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन मागे वळतो. 10 नोव्हेंबर हा त्या दिवसाच्या सुमारे 41 दिवस आधी येतो आणि 1 फेब्रुवारी सुमारे 42 दिवस नंतर. जाताना आणि येताना सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून तोच उजेड त्याच वाटेनं आत येतो. वाटेत एखादी नवी इमारत उभी राहिली की किरण अडतात, आणि सरळ रेषेचा नियम किती कडक आहे ते कळतं.

पण हा सुटा, एकटा किरण निसर्गात हातात येत नाही. पुठ्ठ्याला भोक पाडून उजेडाची तिरीप अरुंद करत जा. भोक लहान करू तसा पलीकडचा ठिपका आधी लहान होतो, पण एका मर्यादेनंतर तो पुन्हा पसरू लागतो आणि कडा पुसट होतात. कारण प्रकाश लहरींच्या रूपात चालतो आणि लहर चिंचोळ्या फटीतून गेली की पसरते. किरण ही आपण सोयीसाठी काढलेली रेघ आहे, उजेडाचा सुटा काढता येईल असा धागा नाही.

किरण कुठून निघतो, याविषयीही माणसानं बराच काळ चूक केली. युक्लिडनं दृष्टीची भूमिती मांडली ती डोळ्यातून किरण बाहेर पडतात असं धरून. आपल्या न्यायदर्शनातही डोळ्याचे किरण वस्तूपर्यंत जातात असा विचार आहे, आणि रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे चमकणारे डोळे हा त्याचा पुरावा म्हणून दिलेला आहे. 11व्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-हैथम या अरबी विद्वानानं कैरोत बसून ही दिशा उलटी केली: उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो. युक्लिडच्या आकृत्या त्यामुळे वाया गेल्या नाहीत. रेघा त्याच राहिल्या, फक्त बाणाचं टोक फिरलं.

न ओळखलेल्या पाहुण्यांचं नाव

19व्या शतकाच्या शेवटी प्रयोगशाळांमधून एकामागून एक अदृश्य गोष्टी बाहेर पडू लागल्या. त्या सरळ जात होत्या, पडदा उजळवत होत्या, पण त्या काय आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. अशा प्रत्येक पाहुण्याला एकच आडनाव मिळालं: किरण.

हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत वीज सोडली की ऋण टोकाकडून, म्हणजे कॅथोडकडून, काहीतरी निघतं. 1876मध्ये ऑयगेन गोल्डश्टाइन या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला 'कॅथोड किरण' म्हटलं. 1897मध्ये जे. जे. थॉमसननं दाखवलं की हा विजेचा भार वाहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा प्रवाह आहे. ते कण म्हणजे इलेक्ट्रॉन. किरण हे नाव मात्र तसंच राहिलं, आणि जुन्या टीव्हीची जाड काचेची नळी शेवटपर्यंत 'कॅथोड रे ट्यूब'च म्हणवली गेली.

त्याच नळीवर काम करताना 8 नोव्हेंबर 1895 रोजी वुर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना दिसलं की नळी काळ्या कागदानं झाकली तरी दूरचा रासायनिक लेपाचा पडदा चमकतो आहे. कागद, लाकूड, मांस यांतून पार जाणारं हे काय? बीजगणितात अज्ञात संख्येला 'एक्स' म्हणतात, म्हणून त्यांनी नाव दिलं 'एक्स-किरण'. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. त्यात हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट उमटली होती. 1901 साली भौतिकशास्त्राचं पहिलंच नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही.

मराठीनं इथे जे केलं त्याचा मला अभिमान वाटतो. आपल्या बीजगणितात अज्ञात संख्येला 'क्ष' म्हणायची रीत होती, म्हणून 'एक्स-रे'चं झालं 'क्ष-किरण'. नुसत्या अक्षराची नक्कल न करता त्या अक्षरामागचा विचार मराठीत आणला गेला. 'क्ष' म्हटल्यावर वहीतलं 'क्ष बरोबर किती?' आठवतं आणि रोंटगेन यांचा प्रश्नही त्याच क्षणी समजतो. भाषांतर कसं असावं याचा हा नमुना आहे.

पुढे युरेनियममधून येणाऱ्या किरणांचे अर्नेस्ट रदरफर्डनं 1899मध्ये दोन प्रकार केले, अल्फा आणि बीटा. 1900मध्ये पॉल व्हिलार यांना तिसरा सापडला, त्याला नंतर गॅमा नाव मिळालं. अल्फा किरण निघाले हेलियम अणूची केंद्रकं. बीटा किरण निघाले इलेक्ट्रॉन. तिघांत खरा प्रकाशाच्या कुळातला एकटा गॅमा.

तीच गोष्ट विश्वकिरणांची. ऑगस्ट 1912मध्ये व्हिक्टर हेस उपकरणं घेऊन बलूनमधून 5 किलोमीटरहून उंच गेले आणि वर जावं तसा किरणांचा मारा वाढतो असं त्यांना आढळलं. म्हणजे ते जमिनीतून येत नव्हते, आकाशातून येत होते. रॉबर्ट मिलिकन यांनी त्यांना 'कॉस्मिक रे' हे नाव दिलं, कारण त्यांना ते गॅमासारखेच वाटत होते. प्रत्यक्षात ते बहुतांश प्रोटॉन निघाले. या विश्वकिरणांचा मारा वातावरणावर झाला की कणांचा पाऊस कसा पडतो, त्याचं गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी 1937मध्ये मांडलं. भाभांनी 1945मध्ये उभारलेल्या आणि लगेच मुंबईत आलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सुरुवातीचा मोठा विषय विश्वकिरण हाच होता. तिच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणं लावली, कारण इतक्या खडकाखाली या किरणांचा पाऊस जवळजवळ थांबतो आणि 1965मध्ये तिथे वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पकडता आल्या.

आणि एक किरण तर मुळात नव्हताच. 1903मध्ये फ्रान्सच्या नॅन्सी शहरातले नावाजलेले शास्त्रज्ञ रेने ब्लोंडलो यांनी 'एन-किरण' जाहीर केले. नाव शहराच्या आद्याक्षरावरून ठेवलं. अनेकांना ते दिसूही लागले. 1904मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुड ती प्रयोगशाळा पाहायला गेले. खोलीत अंधार असताना त्यांनी उपकरणातला लोलक हळूच काढून घेतला, तरी किरण 'दिसतच' राहिले. वुड यांनी हे छापलं आणि एन-किरण संपले. ब्लोंडलो खोटे नव्हते. जे पाहायची मनापासून इच्छा आहे ते अंधुक उजेडात दिसू लागतं, आणि त्याला नाव मिळालं की शंका घेणं अवघड होतं.

फूल, चंद्र आणि मासा

मधल्या खोडातून बाहेर फाकलेली कुठलीही गोष्ट दिसली की इंग्रजी तिला 'रे' म्हणते. सूर्यफुलाच्या कडेच्या पिवळ्या पाकळ्या खरं तर एकेक स्वतंत्र फूल आहेत. त्यांना आपल्या वनस्पतिशास्त्रात किरणपुष्पकं म्हणतात. तारामाशाचे हात म्हणजे 'रे'. पौर्णिमेला साधी दुर्बीण घेऊन चंद्र पाहा. दक्षिणेकडच्या टायको विवरातून निघून शेकडो किलोमीटर पसरलेले पांढरे पट्टे दिसतील. विवर पाडणाऱ्या आघातानं उधळलेल्या मातीचे ते पट्टे, आणि तेही 'रे'च. किरण आणि धूळ एकाच शब्दात पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते लगेच ओळखता आले असते.

आता दुसऱ्या नोंदीकडे येऊ. हा 'रे' मासा आहे: चपटा, पसरट, पंखांसारखी अंगाची कड हलवत पाण्यातून उडत गेल्यासारखा जाणारा, मागे चाबकासारखी शेपूट. आपल्या किनाऱ्यावर याला पाकट म्हणतात. हा शब्द लॅटिन 'राइया' या माशाच्या नावावरून आला. त्याचा उजेडाशी आणि आऱ्याशी संबंध नाही. 'मांटा रे'चं भाषांतर 'मांटा किरण' केलं, तर समुद्रातला प्राणी आकाशात जाऊन बसतो.

यात एक गमतीची गाठ आहे. ज्या माशांच्या परांना काटक्यांसारख्या हाडांचा आधार असतो, त्यांना प्राणिशास्त्रात 'रे-फिन्ड' म्हणतात. हा 'रे' मात्र पहिल्या नोंदीतला, आऱ्याचा. पापलेट, बांगडा, सुरमई, रोहू सगळे त्यात येतात. जगातल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती या एका गटात आहेत. पण ज्याचं नावच 'रे' आहे तो पाकट या गटात नाही! त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो आणि त्याचं जवळचं नातं मुशीशी आहे.

या कुळात विजेचा झटका देणारेही मासे आहेत. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर असा जिवंत मासा कपाळाशी धरायला सांगे. अंग बधिर करणारा म्हणून त्याचं लॅटिन नाव 'टॉर्पेडो', आणि पुढे पाण्याखालच्या स्फोटक अस्त्राला या माशाचंच नाव मिळालं.

राय आणि ऋषभ

शेवटी ज्यांचं फक्त लेखन किंवा उच्चार जुळतो असे दोन 'रे'. थोर चित्रपटकार सत्यजित राय यांचं आडनाव इंग्रजीत 'रे' असं वाचता येईल असं लिहिलं जातं, म्हणून मराठीतही पुष्कळदा 'सत्यजित रे' छापलं जातं. ते बंगालीत 'राय' आहे, 'राजा' शब्दातून आलेलं. कृष्णदेवरायातला आणि रायगडातला 'राय' तोच. राममोहन रॉय यांचं आडनावही तेच. इंग्रजी अक्षरांनी एका नावाची दोन करून टाकली. मराठीत लिहिताना ती परत एक करणं आपल्या हातात आहे.

आणि सप्तकातला 'रे'. आपला 'रे' ऋषभाचा. पाश्चात्त्य 'डो, रे, मी'मधला 'रे' मात्र 11व्या शतकातल्या ग्विदो या इटालियन संगीतगुरूनं एका लॅटिन स्तोत्रातल्या चरणाच्या आद्य अक्षरावरून घेतला. दोन्हीकडे तो दुसराच सूर आहे. तरी जन्म वेगळा.

शब्द आपल्याला वस्तू पहिल्यांदा कशी दिसली ते सांगतो. ती खरोखर काय आहे हे शोधायचं काम आपलं. म्हणून एखाद्या मुलानं 'रे म्हणजे काय?' असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्याला विचारा, 'कुठे वाचलास?' प्रकाशाच्या धड्यात असेल तर किरण, समुद्राच्या पुस्तकात असेल तर पाकट, आणि बंगाली नावाच्या शेवटी असेल तर राय. शब्दकोश जवळ असेल तर त्याच्या हातात द्या आणि नोंदीच्या डोक्यावरचा तो बारीक आकडा त्यालाच शोधू द्या.